बटणाची खरखर

आवाजाचं नवं बटणही जुन्यासारखंच खरखरलं, तेव्हा धाकटीने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि ताईने तोंड फिरवलं.

"नवंच घातलंस ना?" दाजी म्हणाले. ते ताईचे यजमान. ताईच्या गिटारचा अँप्लिफायर उचलून धाकटीच्या दुकानात आणण्यापुरतं त्यांचं काम होतं, ते केव्हाच झालं होतं. पण दुरुस्तीच्या दुकानात बसायला स्टूल मिळालं की माणसाला मतं फुटतात.

"नवंच आहे, दाजी."

"मग खानदानी दोष दिसतो."

ताई हसली नाही. संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात तिला एकटीने गिटार वाजवायची होती. आजवर साथीला ड्रमवाला असायचा. तो झांजेवर दणका घालायचा, तेवढ्यात ही आवाजाचं बटण फिरवून घ्यायची आणि खरखर झांजेखाली दडायची. दोघांचा हा संसार सुखाचा चालला होता. आता तो लेकीकडे राहायला गेला. त्यात आजची पहिलीच धून अशी, की आवाज बंद ठेवून तार छेडायची आणि मग बटण हळूहळू उघडत सूर शांततेतून वर आणायचा. तिथे खरखर म्हणजे श्रद्धांजलीच्या मौनात लागलेली उचकी.

"राहू दे आता," ताई म्हणाली. "येत नाही म्हणून कळवते त्यांना. आणि गिटारही देऊन टाकते कुणाला तरी. साथ द्यायला माणूस नाही, बटण ऐकत नाही. देव सांगतोय ते समजून घ्यावं."

"देवाला नंतर विचारू. आधी मीटरला विचारते."

धाकटीने अँप्लिफायर उघडाच सुरू केला. काचेच्या व्हॉल्व्हमधल्या तारा हळूहळू तापून नारिंगी झाल्या. मग तिने डावा हात एप्रनच्या खिशात घातला आणि उजव्या हाताने मीटरची सळई आत नेली.

"खिशात हात घालून काम?" दाजी म्हणाले. "आमच्या ऑफिसात असे बरेच होते."

"आत दोन-तीनशे व्होल्ट आहेत, दाजी. दोन्ही हात घातले तर वीज एका हातातून शिरते, दुसऱ्यातून निघते. वाटेत काळीज लागतं."

दाजींनी स्वतःचे दोन्ही हात खिशात घातले.

सळई बटणामागच्या टोकाला टेकली. काटा शून्यावर राहायला हवा होता. तो सावकाश उठला आणि तिथेच उभा राहिला.

"हे बघ, ताई. बटणावर नुसता सूर यायला हवा. इथे मागच्या व्हॉल्व्हची वीजही येतेय." तिने बोट न लावता गोळीएवढा एक कंडेन्सर दाखवला. "याचं काम एवढंच. सूर पुढे सोडायचा, वीज अडवायची. म्हातारा झालाय. दारावर बसल्या बसल्या डुलकी लागते."

"म्हणजे बटण चांगलं होतं?"

"ते बिचारं ओरडून सांगत होतं. आपण आधी त्यालाच धुतलं, मग त्यालाच काढलं."

दाजी विचारात पडले. "आमच्या खात्यात तक्रार करणाऱ्याची बदली व्हायची," ते म्हणाले. "तंतोतंत हीच पद्धत."

धाकटीने प्लग काढला, आत साठून राहिलेली वीज उतरवली, नवा कंडेन्सर डाख देऊन जोडला आणि पुन्हा सगळं सुरू केलं. ताईने बटण शून्यापासून शेवटापर्यंत फिरवलं. परत आणलं. काहीच ऐकू आलं नाही.

"आता तर बंदच पडला," दाजी म्हणाले.

"छेड," धाकटी म्हणाली.

ताईने बटण शून्यावर ठेवून तार छेडली आणि हात बटणाकडे नेला. व्हॉल्व्ह तापत होते. रस्त्यावरून एक सायकल गेली. आणि मग कधीतरी खोलीत सूर होता. तो आला नाही, होता. वाढत गेला, टेबलावरचे स्क्रू किणकिणायला लागले, आणि तरी त्याला कडा म्हणून सापडेना.

"सुरू कधी झाला?" दाजींनी हळूच विचारलं.

ताईने बटण शून्यावर नेलं आणि तार पुन्हा छेडली. तिघंही पुढे वाकून बसली, या वेळी तरी त्याला येताना पकडू म्हणून.