विजयमालेची गोरी आई

समजा, चौथीच्या वर्गात तुमच्या शेजारची मुलगी उठून म्हणाली, “तंबूतल्या सिनेमातली गोरी राणी माझी आई हाय,” तर तुम्ही काय कराल?

रहिमतपूरच्या मुलांनी १९७४ साली तेच केलं. सगळी पोट धरून हसली.

“मग तू एवढी काळी कशी गं?” आकाराम म्हणाला.

“उन्हानं,” विजयमाला म्हणाली.

नेमिनाथ गुरुजी नुकतेच सांगलीहून बदलून आले होते. त्यांनी तिला जवळ बोलावलं.

“अगं, ती नटी अमेरिकेची. तिथं काम मिळेना म्हणून इटलीला गेली आणि भुताखेतांच्या सिनेमांत नाव काढलं. तुझी आई अंबूबाई. ती तंबू झाडते.”

“व्हय. झाडती बी.”

“मग?”

“त्या बाईचं लय उपकार हायती, गुरुजी. तिच्या जिवावर जेवतो आमी.”

“ते कसं?”

“सांगायचं न्हाई. तंबूवाल्या तात्याबांनी शपथ घातलीया.”

गुरुजी मायाळू होते, पण खोटं त्यांना खपत नसे. “सोमवारी सगळ्यांपुढं ‘मी खोटं बोलले’ म्हण. नाहीतर माझ्या वर्गात बसायचं नाही.”

विजयमालेचे डोळे भरले. शाळा तिला फार आवडायची.

शनिवारी संध्याकाळी गुरुजी स्वतःच तिला घेऊन सिनेमाला गेले. म्हटलं, शेजारी बसून समजावून सांगू. बसण्याआधी तिनं पडद्याला हात जोडले. देवळात जोडावेत तसे. गुरुजींनी सुस्कारा सोडला.

सिनेमा सुरू झाला. राणी अंधाऱ्या किल्ल्यात अडकली. “आवं, दार उघडा की!” ती कळवळून म्हणाली आणि बायकांनी डोळ्यांना पदर लावला. नटी अमेरिकेची, किल्ला इटलीतला, बोली मात्र साताऱ्याची. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पुढं गावानं तिला चेटकीण ठरवलं आणि खांबाला बांधलं. खाली लाकडं रचली.

“खरं सांग, बाई,” न्यायाधीश गरजला. “अजून वेळ हाय.”

राणीनं तोंड उघडलं. कर्ण्यातून नुसता खोकला आला.

तिचे ओठ पुन्हा हलले. पुन्हा खोकला, आणखी मोठा. लोक चुळबुळ करू लागले. मागून कुणीतरी शिट्टी मारली. “राणीला पडसं झालंय रं!” म्हणून हशा पिकला.

गुरुजींनी शेजारी पाहिलं. जागा रिकामी होती.

पडद्यामागं विजयमालेनं आधी आईला पाणी दिलं. मग तिच्या हातातला माईक घेतला, आणि खांबाला बांधलेली ती गोरी राणी भरल्या तंबूत म्हणाली, “आमी खोटं बोलत न्हाई, गुरुजी.”