वरचा सा

मुलुंडच्या हॉलमध्ये संध्याकाळच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. "गार्गी, वरचा सा चढतोय. बोट मागे घे," नंदकुमार सर पुन्हा म्हणाले. गार्गीने व्हायोलिन खाली घेतलं. "सर, रागावू नका. महिनाभर तुम्ही हेच सांगताय आणि मी ऐकत गेले. पण हा सा बरोबर आहे." तबलजीने मान खाली घातली. सरांनी तिच्याकडून व्हायोलिन घेतलं, डोळे मिटले आणि आपल्याला पटणारा सा लावून त्यावर गज सावकाश ओढला. डोळे उघडले तेव्हा तबलजी अजून खालीच पाहत होता आणि गार्गीच्या डोळ्यांत पाणी होतं. इतकी वर्षं ज्या कानांच्या भरवशावर शिकवलं, तेच दगा देत होते. "तुझ्या कानाने वाजव," ते म्हणाले. संध्याकाळी तिने तसंच वाजवलं. सरांना शेवटपर्यंत वरचा सा बोचत राहिला. टाळ्यांची सुरुवात मात्र त्यांनीच केली.