सगळ्यांनी मिळून काढलेला माणूस

"नाक कसं होतं?" चित्रकार बाईने परांचीवरून वाकून विचारलं.

खाली उभ्या असलेल्यांत लगेच जुंपली. औषधवाले काका म्हणाले, सरळ. इस्त्रीवाला म्हणाला, छे, जरासं वाकडं, माझ्यासारखं.

"तुझ्यासारखं असेल तर रंग पुरायचा नाही," काका म्हणाले.

सगळे हसले. बाई हसली नाही. तिने भिंतीवर खडूने एक रेघ ओढली. "असं?"

इस्त्रीवाल्याने मान डोलावली. काकांनीही मान हलवली. असंच.

समोरच्या दुकानाच्या दारातून शिलाईवाली हे पाहत होती. शीतगृहाची ती चार मजली कोरी भिंत रंगवायची, चित्र वस्तीनेच ठरवायचं आणि वस्तीनेच रंगवायचं, असं सांगत ही बाई आली होती. मग सभा झाली. तीन-चार वर्षांपूर्वी एका जखमी मुलीला उचलून या चौकात धावत आलेला माणूस काढायचं ठरलं. पलीकडच्या सुनसान गल्लीत तिला गाडीने उडवलं होतं. "गाडीवाला पळाला, रिक्षा थांबवा!" असं ओरडत तो आला, मुलीला घेऊन रिक्षात बसला, तिला दवाखान्यात पोचवलं आणि नाव न सांगता निघून गेला. ही कल्पना सभेत पहिल्यांदा कुणी मांडली, ते मात्र नंतर कुणालाच आठवेना.

शिलाईवाली तेव्हा इथे राहत नव्हती. तिचं बिऱ्हाड आणि दुकान आलं गेल्या वर्षी. तरी दुपारी मशीन बंद करून तीही भिंतीवर आखलेले चौकोन भरायला जायची. काम आवडायचं, पण एक गोष्ट तिला खटकायची. त्या माणसाने काय केलं, हे बाई कधीच विचारत नसे. भुवया कशा होत्या, कान कसे होते, एवढंच.

दुसरी गोष्ट घरातली होती. तिचा नवरा टेम्पो चालवायचा; अंधारात जायचा, रात्री उशिरा यायचा, वस्तीत त्याला फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. भिंतीचं काम सुरू झालं आणि तो चौकातून येईनासा झाला. मागच्या बोळातून, कचऱ्याचे डबे चुकवत यायचा. रस्त्याकडची खिडकी त्याने लावून टाकली. रंगाच्या वासाने डोकं दुखतं म्हणे. दाढीही वाढवली.

"अहो, एक दिवस तरी या रंगवायला. सगळी वस्ती येते."

"मला नाही जमत."

"ब्रश तर फिरवायचाय नुसता."

"नाही म्हटलं ना एकदा!" तो ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी बाईनेच विषय काढला. "वहिनी, तुमचे मिस्टर कधी दिसत नाहीत ते?"

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"नाही. म्हणून तर विचारलं." फडक्याला हात पुसत बाईने त्यांच्या बंद खिडकीकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

शिलाईवालीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. घरी येऊन तिने नवऱ्याचे शर्ट हुंगले. डिझेलचा वास आला, रंगाचा नाही. पण एवढ्याने मन मानतंय कुठे? दोघांचं जुनं काहीतरी असणार. नाहीतर धडधाकट पुरुष स्वतःच्याच रस्त्यावर तोंड लपवून का फिरेल?

"ती चित्रकार बाई तुमच्या ओळखीतली आहे का हो?"

"कोण बाई?"

"उगाच वेड पांघरू नका."

"अगं, मी तिला पाहिलंसुद्धा नाही!"

तिने विश्वास ठेवला नाही. त्या आठवड्यात ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

मग तिच्या वाट्याला हनुवटीचा चौकोन आला. जवळून काहीच कळत नव्हतं, नुसते तपकिरी डाग. काम संपवून ती उतरली, रस्ता ओलांडला आणि मागे वळून पाहिलं. ती दुकानाच्या पायरीवर बसली.

भिंतीवरून तिचा नवरा तिच्याकडे पाहत होता. दाढी नसलेला.

ती आधी हसली, मग तिला रडू आलं. केवढं काम केलं आणि बायकोलाही पत्ता लागू दिला नाही! आणि आपण शर्ट हुंगत बसलो.

"अहो, ते तुम्हीच ना?" तो घरात शिरताच तिने विचारलं.

त्याने आधी दार लावून घेतलं. मग म्हणाला, "मुलगी जगली का?"

"जगली. पण तिच्या घरची माणसं केव्हाच गाव सोडून गेली म्हणे."

त्याने तोंडावर हात घेतले. "कुणाला सांगू नकोस."

"का? लोक काही न करता मिरवतात, आणि तुम्ही..."

"माझं ऐक."

तिने ऐकलं, पण उद्घाटनाच्या दिवशी तिला राहवेना. लांबूनच पाहू, असं म्हणत तिने त्याला कसंबसं बाहेर काढलं. चौक माणसांनी फुलला होता. औषधवाले काका शेजारीच दिसले आणि तिच्या तोंडून निघूनच गेलं, "काका, दाढी सोडून बघा बरं, कोण आहे ते!"

काकांनी चष्मा वर केला. भिंतीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "अरे, हाच तो!"

मग कुणी त्याचं ऐकेना. माणसांनी त्याला हाताला धरून मंचावर नेलं. टाळ्या थांबत नव्हत्या. तो मान खाली घालून उभा होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शिलाईवालीचा ऊर भरून आला.

चित्रकार बाई टाळ्या वाजवत नव्हती. ती पहिल्या रांगेकडे गेली आणि कुबडी घेतलेल्या एका मुलीला हात धरून वर घेऊन आली.

"नीट बघ," बाई म्हणाली. "घाई नाही."

ही कोण, ते चौकाला कळलं. टाळ्या आणखी वाढल्या आणि मग तिचं बोलणं ऐकायला हळूहळू थांबल्या. मुलीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो एक पाऊल मागे सरला.

"हेच काका, मावशी," ती चित्रकार बाईकडे वळून म्हणाली. "गाडी हेच चालवत होते."