हात न लावता

“हात न लावता उठायचं हां, बाबा,” सिस्टर म्हणाली, आणि नाथू खुर्चीतून असा टुणकन उठला की ती बिचारी दचकून मागेच सरली.

“पुन्हा.”

नाथू पुन्हा उठला. बसला, उठला, बसला, उठला. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, पण दोन्ही हात छातीशी घट्ट बांधलेले. महाडच्या त्या दवाखान्यात महिन्यातून एकदा मुंबईचे मोठे डॉक्टर यायचे. कुठल्या म्हाताऱ्याला ऑपरेशन झेपेल नि कुठल्याला नाही, ते तपासून ठरवायचे. नाथूच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सर निघाला होता. ऑपरेशन मुंबईला, रोबोनं व्हायचं होतं. पण आधी ही परीक्षा. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता आलं नाही तर ऑपरेशन नाही, असं त्याला मागच्या खेपेलाच बजावलं होतं.

तेव्हापासून नाथूनं आपल्या गावी, कुडपणला, तालीमच मांडली होती. घरात खुर्ची कुठली? शेजारच्या ठकूबाईची मागून आणली नि अंगणात ठेवली. सकाळी म्हशीची धार काढून झाली की उठबशा सुरू. ठकूबाई कुंपणापलीकडून हसून हसून बेजार.

“काय हो भावजी, या वयात मास्तरानं शिक्षा केली काय?”

“हसा, हसा! जितेश येतोय माझा,” नाथू धापा टाकत म्हणायचा. “आपरेशन झालं की म्हयनाभर ऱ्हानार हाय.”

खरी गोष्ट ही होती. कॅन्सरचं नाव ऐकून माणसं हातपाय गाळतात; नाथूनं जितेशला झोपायला म्हणून बाजेची सुतळी आवळायला घेतली. जनी, त्याची बायको, गेल्यापासून त्या घरात माणसाचा आवाज नव्हता. तो म्हशीशी बोलायचा. ती शेपटी हलवायची, आणि बोलणं तिथंच संपायचं. जितेश, एकुलता एक पोरगा, मुंबईला. गणपतीत दोन दिवस यायचा, त्यातला एक झोपेतच जायचा. मुंबईची खोली टीचभर, म्हणून ऑपरेशननंतर बाबांना गावीच न्यायचं आणि आपण रजा काढून महिनाभर सोबत राहायचं, असं त्यानं आपणहून फोनवर सांगितलं होतं. आख्खा महिना! नाथूनं कुळीथ दळून डबा भरून ठेवला. जितेशला पिठी फार आवडायची.

नाथूच्या आधी महाडच्याच श्रीपत गुरुजींचा नंबर होता. त्यांना उठता आलं नव्हतं. दोनदा अर्ध्यात आले आणि धपकन बसले. शेवटी त्यांच्या लेकीनं, गौतमीनं, काखेत हात घालून त्यांना उभं केलं. ऑपरेशन नको, इंजेक्शनांवर भागवू, असं डॉक्टर म्हणाले. नाथूचा जीव हळहळला. एवढा शिकलेला माणूस, आणि नापास झाला बिचारा.

“असू दे, आप्पा,” गौतमी त्यांना धीर देत होती. “मी आता इथंच राहायला येते. तुम्हाला एकटं नाही ठेवायची.”

नाथूनं ते ऐकलं, पण तेव्हा त्याचं सगळं चित्त खुर्चीत होतं.

आता तो पास होऊन डॉक्टरांसमोर बसला होता. पहाटेच्या एसटीनं मुंबईहून आलेला जितेश शेजारी उभा होता.

“वा, बाबा! डोंगरातली हाडं आहेत तुमची,” डॉक्टर खूश होते. “बिनधास्त करू ऑपरेशन.”

“रोबो म्हंजे मानसाचा हात नाय लागनार?” नाथूनं विचारलं.

“मी असतोच की बाजूला, तो चालवायला. पोटाला एवढी एवढीशी भोकं, बस. दोन-तीन दिवसांत घरी.”

“डॉक्टर, मी महिन्याची रजा टाकलीय,” जितेश म्हणाला. “पुरेल ना?”

“महिना कशाला? अशक्त असते तर मीच म्हटलं असतं, सोबत राहा. हे तर तुमच्या-माझ्यापेक्षा टणक आहेत. लघवीची नळी आठवडाभर राहील, ती पोलादपूरला काढून देतील. घरी पोचवा आणि कामावर जा.”

जितेशचा चेहराच उजळला. पोरगा वाईट नव्हता. रजेवरून साहेबानं त्याचं डोकं खाल्लं होतं, एवढंच.

“सुटलो, बाबा! साहेबांना आत्ताच कळवतो, रजा रद्द म्हणून.” त्यानं मोबाईल काढून कानाला लावलासुद्धा.

नाथूला कुळथाच्या पिठाचा डबा आठवला, आवळलेली बाज आठवली. ती बाज आता तशीच राहणार. त्याला रडूच यायला लागलं. त्यानं तोंड दाराकडे फिरवलं. बाहेरच्या बाकावर श्रीपत गुरुजी बसले होते. गौतमी बशीत चहा ओतून, फुंकर घालून त्यांना पाजत होती, आणि चहा फार गोड झाला म्हणून गुरुजी तिच्यावरच कुरकुरत होते. नाथू त्या नापास झालेल्या माणसाकडे बघतच राहिला. इतका हेवा त्याला आजवर कुणाचा वाटला नव्हता.

“चला, उठा बाबा,” डॉक्टर म्हणाले. “बाहेर सिस्टरकडून ऑपरेशनची तारीख घ्या.”

नाथूनं हात छातीशी बांधून उठल्यासारखं केलं. कंबर जराशी उचलली, आणि पुन्हा खुर्चीत टेकली. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. उठता आलं नाही तर ऑपरेशन नाही, हे नाथूला पाठ होतं. त्यानं छातीशी बांधलेले हात सोडले आणि एक हात पुढं केला.

“जितेश,” तो म्हणाला, “फोन ठेव रे. जरा हात दे. मला उठवत नाय.”