चौदाव्या होलचे पाच

काशीरामचा शेवटचा बॉल अठराव्या होलमध्ये पडला आणि टाळ्या वाजल्या. गुणाजीनेही वाजवल्या. हातात पेन्सिल होती, त्यामुळे त्या नीट वाजल्या नाहीत.

दोघांचेही बहात्तर फटके झाले होते. पण गुणाजीच्या खिशातल्या कार्डावर काशीरामचे त्र्याहत्तर होते.

गोल्फमध्ये आपले फटके आपण लिहायचे नसतात. बरोबरचा खेळाडू लिहितो, आपण शेवटी वाचून सही करतो. एकदा सही झाली की चुकून जास्त लिहिलेला फटकाही आपलाच. फटके जितके कमी तितकं चांगलं. हंगामाची ही शेवटची स्पर्धा होती, कलकत्त्याच्या मोठ्या स्पर्धेला जायची एकच जागा उरली होती, आणि आज या दोघांत जो पुढे राहील त्याची ती होती. बरोबरी झाली तर उद्या सकाळी दोघांनी पुन्हा खेळायचं. उद्या सकाळी काशीरामच जिंकेल, हे गुणाजीला पक्कं ठाऊक होतं.

दहा वर्षांपूर्वी दोघेही चेंबूरच्या याच मैदानावर साहेबांच्या बॅगा उचलायचे. स्टिक धरायची कशी, हे काशीरामला गुणाजीने शिकवलं होतं, चाळीच्या गॅलरीत, हातात छत्री देऊन. गेल्या वर्षीपर्यंत काशीराम त्याच्या मागेच असायचा, आणि मागे असलेला काशीराम गुणाजीला फार आवडायचा. यंदा, चौऱ्याऐंशीच्या हंगामात, तो पुण्याला पुढे गेला, बडोद्याला पुढे गेला, आणि मग पेपरात त्याचा फोटो आला. तो फोटो गुणाजीच्याच घरात कपाटाच्या दारावर होता. गुणाजीच्या बायकोने, रुक्मिणीने, चिकटवला होता.

"अहो, कोपऱ्यात तुमचा हात दिसतोय ना," ती म्हणाली होती.

खरंच दिसत होता, कोपरापर्यंत. तेव्हापासून शर्ट काढायला कपाट उघडलं की गुणाजीच्या पोटात दुखायला लागायचं.

आज चौदाव्या होलवर काशीरामने चौथ्या फटक्यात बॉल आत घातला. गुणाजीने पाच लिहिले. हात चुकला असं म्हणता आलं असतं. पण तो पाच नीट बघून झाल्यावरही त्याने कार्ड दुमडून खिशात ठेवलं, आणि पेन्सिलीला खोडरबर नाही असं स्वतःला सांगितलं. पुढचे चार होल तो फार छान खेळला.

जांभळाच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं. स्पर्धेचं काम बघणारे श्यामकांतसाहेब चष्मा पुसत बसले होते. गुणाजीने कार्ड पुढे केलं. काशीरामने ते घेतलं आणि थेट सहीची जागा शोधायला लागला.

"आधी वाचून बघ," श्यामकांतसाहेब म्हणाले. "सही झाल्यावर मला काही करता येत नाही."

"वाचायचं काय साहेब? गुण्याने लिहिलंय."

"वाच रे काश्या," गुणाजी म्हणाला. आपण असं का म्हणालो, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"गप रे." काशीरामने जीभ बाहेर काढून सावकाश सही केली.

मग गुणाजीने आपलं कार्ड घेतलं. काशीरामने लिहिलेले आकडे मोठे होते, शाळेच्या वहीत काढल्यासारखे. गुणाजीने ते दोनदा तपासले. सगळे बरोबर होते. त्याचाही त्याला राग आला.

श्यामकांतसाहेबांनी फळ्यावर लिहिलं. गुणाजी बहात्तर, काशीराम त्र्याहत्तर. काशीराम क्षणभर फळ्याकडे बघत राहिला. मग वळून त्याने गुणाजीला मिठीच मारली.

"झकास! जा आता कलकत्त्याला, वाट लाव एकेकाची."

गुणाजी त्याच्या तोंडाकडे निरखून बघत होता. याने थोडं तरी जळावं, निदान आजच्या दिवस, असं त्याला मनापासून वाटत होतं. काशीराम जळत नव्हता.

आपापल्या बॅगा खांद्याला लावून दोघे घाटल्याच्या रस्त्याने चाळीकडे निघाले. ट्रॉम्बेच्या डोंगरावर अजून ऊन होतं. हरल्यावर काशीराम नेहमी करायचा तसं करत होता: पहिल्या होलपासून एकेक फटका आठवून बोटांवर मोजत होता. गुणाजीने पाय उचलले.

"गुण्या, थांब जरा. माझे बहात्तर होतायत रे."

गुणाजी थांबला नाही.

"चौदाव्यावर किती झाले माझे? चार ना?"

आता खरं सांगितलं तरी फळ्यावरचं बदलणार नव्हतं. सही झाली होती. जागा गुणाजीचीच राहणार होती. सांगायला काहीच हरकत नव्हती.

"पाच," गुणाजी म्हणाला. "जवळचा फटका हुकला ना तुझा. होलच्या कडेवरून गेला."

"हुकला?" काशीराम रस्त्यातच उभा राहिला. बॅग खाली ठेवून त्याने दोन्ही हात जुळवले, गुणाजीने छत्रीवर शिकवली होती तश्शी पकड घेतली, आणि रिकाम्या हातांनी तो फटका पुन्हा मारून बघितला. बराच वेळ तो डांबराकडे बघत राहिला.

"माका चारच वाटले," तो गावच्या बोलीत म्हणाला. मग मान हलवून त्याने बॅग उचलली.

"म्हणजे मीच चुकलो. बरं झालं तू लिहीत होतास. दुसरा कोण असता ना गुण्या, तर भांडलो असतो मी."