उत्तर येत नाही

भाकरी थापणाऱ्या बाईनं मान वर केली आणि मंजुषा मॅडमचा पाण्याचा ग्लास ओठांपाशीच थांबला. कनेरगाव नाक्यावरचा ढाबा. बाहेर वाशीमची एसटी उभी. चुलीपुढची ती बाई मिना होती. चौदा वर्षांपूर्वी नववीच्या वर्गातून गेली आणि पुन्हा कधी आलीच नाही, ती मिना.

मंजुषाचं ते नोकरीचं पहिलंच वर्ष. फळ्यावर तिनं दोन समीकरणं लिहिली होती. २x + ३y = १२. खाली ४x + ६y = ०. पोरं माना घालून सोडवायला लागली. मिना मात्र वही न उघडताच टेबलाजवळ आली.

"मॅडम..."

"आधी उत्तर काढ, मग बोल."

थोड्या वेळानं ती पुन्हा आली. "याचं उत्तर येत न्हाई, मॅडम."

वर्ग हसला. मंजुषाला ते हसणं आपल्यावरच वाटलं. तिनं मिनाला व्हरांड्यात उभं केलं आणि शाळा सुटेपर्यंत तिकडं पाहिलंही नाही.

संध्याकाळी खोलीवर पुस्तक उघडलं तेव्हा कळलं. दुसऱ्या समीकरणात वजाचं चिन्ह होतं, फळ्यावर अधिकचं पडलं होतं. पहिल्याची दुप्पट केली तर चोवीस, आणि खाली शून्य. ती दोन समीकरणं कधीच जुळणार नव्हती. मिनाचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गापुढं चूक कबूल करायची असं ठरवून ती गेली. मिना आली नव्हती. तिची माणसं मेंढरं घेऊन पहाटेच निघाली होती. कुठल्या वाटेनं, हे गावात कुणालाच धड सांगता येईना.

तेव्हापासून फळ्यावर वजा काढताना मंजुषाचा हात अडखळायचा. पाठीमागं कुणीतरी "मॅडम" म्हटल्यासारखं व्हायचं. वळून पाहावं तर पोरं मुकाट्यानं लिहीत असायची. एका गणितासाठी कुणी शाळा सोडत नाही, असं नवरा कितीदा म्हणाला. तिला ते कधी पटलं नाही.

आता ती चुलीजवळ उकिडवी बसली. चौदा वर्षं घोकलेलं वाक्य एका दमात बाहेर पडलं.

"मिना, ते गणित माझंच चुकलं होतं. तू बरोबर होतीस."

मिनानं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"ते मला तवाच ठाऊक व्हतं, मॅडम. त्याच्यापायी कोन शाळा सोडतं?"

मंजुषाला हलकं वाटलं. कितीतरी वर्षांनी.

"मग का आली नाहीस गं?"

मिनानं तव्यावरची भाकरी उलटली.

"मी गणित इचारायला आलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी, फुडल्या मुक्कामावर माझं लगीन लावून देनार व्हते. तेवढं तुमच्या कानावर घालावं, म्हनून आले व्हते."