कळकलेला कांदा

वाटीतला कांदा हिरवा पडला होता.

मंजुळाने वाटी चुलीपासून उचलून उजेडात नेली. सकाळी तिनेच कांदा पातळ चिरला होता, मीठ लावून चुरला होता, वर लिंबू पिळलं होतं. निम्मा नवऱ्याच्या डब्यात भरला, निम्मा घरात ठेवला. एव्हाना तो गुलाबी, रसरशीत दिसायला हवा होता. इथं तर पितळेच्या कडेला मोरचुदासारखा हिरवा थर धरला होता.

"आत्याबाई, वाटीची कल्हई गेली व्हती का?"

सासू सोजराबाई डाळ निवडायची टाकून आली. तिने वाटी हुंगली आणि कांदा उकिरड्यावर फेकला.

"कवाच गेली. सौराज्य आलं, कारखाना आला, कल्हईवाला तेवढा येईना. आंबट कशाला घातलंस पितळंत? कळकलं की समदं. ईख हाय ह्ये."

डबाही पितळेचाच होता, आणि त्याची कल्हई तर वाटीच्याही आधी गेली होती.

खरं तर हे सगळं खूळ नवऱ्याचं, सयाजीचं. पिंपरीला नव्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, तिथं तो कामाला जायचा. तिथल्या पंजाबी मिस्त्रीने त्याला सिरक्यात मुरवलेला आंबट कांदा चाखवला, आणि तेव्हापासून बुक्कीने फोडलेला कांदा साहेबांच्या घशाखाली उतरेना. मंजुळा सिरका कुठून आणणार? तिने लिंबावर भागवलं. हौसेला मोल नसतं म्हणतात ते काही खरं नाही.

ती तशीच निघाली. लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून पवना नदीच्या उतारातून पलीकडे गेली आणि धावू लागली. जेवणाचा भोंगा व्हायच्या आत पोचायला हवं होतं. गेल्या साली कळकलेलं ताक पिऊन शेजारच्या आळीतला धडधाकट गडी हां हां म्हणता गेला होता. त्याचं ओकणं तिला अजून ऐकू येत होतं.

फाटकावर खाकी कपड्यातला दरवान बसला होता.

"कुणाला भेटायचंय?"

"आमच्या मालकांस्नी. लई नड हाय."

"नाव?"

मंजुळाने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग म्हणाली, "थेरगावचं हायेत."

"निम्मं थेरगाव आतच आहे."

"सोजराबाईंचं थोरलं."

"मी कुणाच्या आया ओळखत नाही, बाई. नाव सांगा, बोलावतो." मग दरवानाच्या लक्षात आलं आणि त्याला गंमत वाटली. "बरं, उखाण्यात घ्या."

नवऱ्याचं नाव उघड घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, यावर मंजुळाचा पक्का विश्वास होता. उखाण्यात घेतलेलं चालतं. पण लग्नातला उखाणा आता काही केल्या आठवेना. "चांदीच्या ताटात..." एवढं म्हणून ती अडली. ताटात काय होतं? पेढे होते, की करंज्या? दरवान हसत वाट बघत होता.

आत भोंगा झाला. माणसं फावडी टाकून झाडांखाली बसू लागली. कुणीतरी डब्याची कडी उघडली तेवढा आवाज तिला आला. तिने फाटकाचे गज धरले.

"सयाजी!"

नुसतं. पुढे उखाणा नाही, मागे राव नाही. अख्खं आवार वळून बघू लागलं. ती पुन्हा ओरडली, आणि पुन्हा.

सयाजी धावत आला. हात सिमेंटने भरलेले, डबा काखेत, चेहरा पांढराफटक.

"कोन गेलं? आय?"

"कुनी न्हाई. कांदा खाल्ला का?"

"आत्ता कुटं बसत व्हतो."

गजांतून हात घालून मंजुळाने डबा ओढून घेतला आणि सगळं मातीत उपडं केलं. मागे माणसं हसत सुटली. काय झालं ते कळल्यावर सयाजीही हसला. मिस्त्रीने त्याला आपल्या डब्यावर बोलावलं. मंजुळाला मात्र हसू येईना.

परतताना नदी कधी ओलांडली ते तिला कळलं नाही. तीन हाका मारल्या होत्या. तो तर पहिल्याच हाकेला उठला असेल. मग उरलेल्या दोन कशाला मारल्या? तिला स्वतःचाच राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

सोजराबाई उंबऱ्यात उभी होती.

"घावला?"

"घावले. खाल्लं नव्हतं." आणि मंजुळाला रडू फुटलं. "आत्याबाई, म्या नाव घेतलं त्यांचं. समद्यांदेखत. वरडून."

सोजराबाईने तिच्या हातातला रिकामा डबा घेतला.

"तुझ्या सासऱ्याचं म्या जलमभर न्हाई घेतलं," ती म्हणाली. "तरी गेलंच की. आन् आता घ्यावं म्हनलं, तर ओ द्यायला कोन हाय?"